पैनगंगेच्या पलीकडे उभा राहणारा प्रकाश

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त यवतमाळ येथे महाविद्यालयीन विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानासाठी संयोजकांनी विषय दिला आहे – ‘प्रकाशशास्त्र व लेसर संशोधनातील कारकीर्द’. विषय वाचून काहींच्या मनात असा प्रश्न आला असेल की, कापूस आणि तुरीच्या भावाची चिंता करणाऱ्या आमच्या जिल्ह्यात लेसरची चर्चा कशासाठी? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देण्याचे उत्तरदायित्व माझ्यावर आहे. म्हणून प्रारंभीच सांगतो, आज मी आपल्यापुढे ज्याविषयी बोलणार आहे, ती वस्तू आपल्या घराच्या अंगणात येऊन ठेपली आहे.

आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. पुसद आणि उमरखेड तालुक्यांतून ती ओलांडली की आपण हिंगोली जिल्ह्यात प्रवेश करतो. तेथे औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे प्राचीन स्थान आहे. त्याच परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः मान्यता दिली. ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास अंतिम मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. या वेधशाळेचे हृदय म्हणजे लेसर. जगातील अत्यंत सूक्ष्म मोजमापांपैकी एक मोजमाप आपल्या शेजारच्या जिल्ह्यात होणार आहे. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की, त्या वेधशाळेत यवतमाळची मुले कोणत्या दाराने प्रवेश करणार? केवळ बांधकामाच्या आणि पहाऱ्याच्या कामासाठी, की नियंत्रण कक्षात बसण्यासाठी? श्रम कोणतेही हलके नसतात. परंतु एकच दार उघडे असणे ही समाजाच्या दृष्टीने चिंतेची गोष्ट आहे.

प्रथम हे यंत्र काय करते, ते पाहू. लेसरचा एक झोत दोन भागांत विभागला जातो. परस्परांशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांमधून हे दोन भाग जातात, टोकाच्या आरशांवरून परावर्तित होतात आणि पुन्हा एकत्र येतात. दोन्ही बाहूंची लांबी काटेकोरपणे जुळवलेली असेल, तर परत आलेल्या लहरी एकमेकींना पुसून टाकतात. परंतु दूर अवकाशात दोन कृष्णविवरांची टक्कर झाली आणि तिची लहर पृथ्वीवरून गेली, तर एक बाहू किंचित लांबतो व दुसरा किंचित आखूड होतो. हा फरक प्रोटॉनच्या आकाराच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो! तो टिपण्यासाठी सुमारे ४० किलो वजनाचे अतिशुद्ध काचेचे आरसे काचेच्याच तंतूंनी टांगलेले असतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांनी अशी लहर पहिल्यांदा पकडली आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ती जगाला जाहीर करण्यात आली. ती लहर सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे अंतरावरून आली होती. पुढे २०१७ चा नोबेल पुरस्कार रेनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना मिळाला.

या यशाच्या पायात एक मराठी नाव आहे आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावयास हवे. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेतील डॉ. संजीव धुरंधर यांनी आपले सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासमवेत १९९१ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रश्न असा होता की, यंत्रातील प्रचंड गोंगाटातून त्या क्षीण लहरीचा स्वर वेगळा कसा काढावयाचा? जत्रेच्या कोलाहलात आईला आपल्या मुलाची हाक ओळखू येते, कारण तो आवाज तिच्या मनात आधीच ठसलेला असतो. तसेच अपेक्षित लहरीचे साचे गणिताने आधी तयार करावयाचे आणि आलेल्या नोंदींशी ते पडताळून पाहावयाचे, अशी ती पद्धत. हे साचे कोणते व किती असावेत, याचा विचार त्यांनी केला. त्या वर्षी लायगोची वेधशाळा बांधूनही झाली नव्हती. लहर प्रत्यक्ष सापडेपर्यंत २४ वर्षे लोटली. चोवीस वर्षे फळ दृष्टीस न पडता एका प्रश्नावर काम करीत राहणे, याला आपल्या परंपरेत साधना म्हणतात.

मित्रहो, संशोधकाची कारकीर्द ही पदांची यादी नसते. एखाद्या प्रश्नाशी त्याने राखलेल्या निष्ठेचा तो इतिहास असतो. प्रकाशशास्त्रातील आणखी चार जीवने आपल्यासमोर ठेवतो.

आज ज्यांचे आपण स्मरण करतो ते चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ साली सरकारी अर्थखात्यात अधिकारी झाले. या नोकरीत त्यांची काही काळ आपल्या नागपूरलाही बदली झाली होती. दिवसा हिशेबाचे काम आणि उरलेल्या वेळात कोलकात्याच्या इंडियन असोसिएशनमध्ये प्रयोग, असा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता. १९१७ साली त्यांनी प्रतिष्ठेची सरकारी नोकरी सोडून कमी पगाराची प्राध्यापकी पत्करली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाचा काही अंश आपला रंग बदलतो, हे त्यांनी निश्चित केले. त्यासाठी वापरलेली साधने अगदी साधी होती. १९३० साली त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. मात्र हा बदललेला प्रकाश इतका क्षीण असतो की, त्याचा व्यापक उपयोग १९६० नंतर, लेसरचा प्रखर व एकरंगी झोत उपलब्ध झाल्यावरच होऊ लागला. आज औषधांची शुद्धता आणि रत्नांची अस्सलता त्याच परिणामाने तपासली जाते.

दुसरे जीवन शिवरामकृष्णन पंचरत्नम यांचे. १९५६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत स्फटिक व ध्रुवीभूत प्रकाश यांवर काम करताना त्यांनी प्रकाशाच्या कलेविषयी एक मूलभूत तत्त्व शोधले. त्याचे पूर्ण महत्त्व जगाला कळले ते १९८० च्या दशकात, जेव्हा ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल बेरी यांनी तशाच स्वरूपाचे तत्त्व पुंजभौतिकीत मांडले. आज ही संकल्पना पंचरत्नम यांच्या नावाने ओळखली जाते. परंतु ते पाहावयास पंचरत्नम हयात नव्हते. १९६९ साली वयाच्या ३५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. ज्ञानाच्या क्षेत्रात पेरणारा व कापणी पाहणारा एकच असेल असे नाही.

तिसरे जीवन आपल्या महाराष्ट्राच्या मातीतले. चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला. १९५८ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले, १९६१ साली पीएच.डी. झाले आणि बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी माणकाच्या स्फटिकातून जगातला पहिला लेसर चालविला, त्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. तीन वर्षांच्या आत पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा हा अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण पत्रा कापतो, वेल्डिंग करतो आणि शल्यचिकित्सकाच्या हातात पाते होतो. जगातील असंख्य कारखान्यांत आणि रुग्णालयांत बारामतीच्या या सुपुत्राची बुद्धी काम करीत आली आहे. १९९६ साली अमेरिकेने त्यांना विज्ञानाचे राष्ट्रीय पदक देऊन गौरविले.

त्यांच्या कर्तृत्वाचा आपल्याला अभिमान वाटतो, तसाच एक प्रश्नही मनात उभा राहतो. १९६१ साली ते भारतात परतले असते, तर त्यांना ती प्रयोगशाळा, ते सहकारी आणि ते स्वातंत्र्य मिळाले असते का? परदेशी गेलेल्यांना दोष देणे सोपे असते. गेलेला माणूस परत येऊ शकेल अशी संस्था उभी करणे अवघड असते. राष्ट्रभक्तीची खरी कसोटी या दुसऱ्या कामात आहे.

हे अवघड काम ज्यांनी केले ते चौथे जीवन – डॉ. दिलीप देविदास भवाळकर. १९४० साली मध्य प्रदेशातील सागर येथे त्यांचा जन्म झाला. सागर विद्यापीठातून एम.एस्सी. करून ते इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात गेले, तेथे पीएच.डी. मिळविली आणि १९६७ साली मायदेशी परतून भाभा अणुसंशोधन केंद्रात दाखल झाले. लेसर हे त्या वेळी सात वर्षांचे बालक होते. सुटे भाग बाजारात मिळत नव्हते. परकीय चलनाची चणचण होती. अशा स्थितीत स्फटिक, आरसे, विद्युत्पुरवठा, सारे येथेच घडविण्याची सवय त्या चमूने लावून घेतली. १९८४ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी इंदूर येथे प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसविण्यात आली आणि १९८७ साली भवाळकर त्याचे संस्थापक संचालक झाले. २००३ पर्यंत त्यांनी हे दायित्व सांभाळले. २००० साली त्यांना ‘पद्मश्री’ने सन्मानित करण्यात आले.

इंदूरच्या त्या मोकळ्या माळावर काय उभे राहिले? उद्योगासाठी व वैद्यकासाठी लेसर तयार झाले. १९९९ साली ‘इंडस-१’ हा सिंक्रोट्रॉन, म्हणजे वर्तुळाकार फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून तीव्र प्रकाश मिळविणारा स्रोत, कार्यान्वित झाला. पुढे त्याहून मोठा ‘इंडस-२’ आला. दरम्यान १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर पाश्चात्त्य देशांनी तंत्रज्ञानावर निर्बंध लादले होते. ज्यांनी सुटा भागही स्वतः घडविण्याची शिस्त अंगी बाणवली होती, त्यांची वाट अशा निर्बंधांनी अडली नाही. याच काळात जिनिव्हाच्या ‘सर्न’ या जागतिक प्रयोगशाळेच्या महाकाय त्वरकासाठी भारताने दिलेल्या योगदानात इंदूरच्या केंद्राचा मोठा वाटा होता. डिसेंबर २००५ मध्ये या केंद्राला राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले. आणि आज लायगो-इंडियाच्या उभारणीत ज्या संस्था एकत्र आल्या आहेत, त्यांत पुण्याच्या आयुकाबरोबर, गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेबरोबर, इंदूरचे हे केंद्रही आहे. धुरंधरांचे गणित आणि भवाळकरांनी रुजविलेली कारागिरी या दोन्ही धारा हिंगोलीच्या भूमीवर एकत्र येत आहेत.

आता पालकांच्या मनातील प्रश्नाकडे वळतो: ‘यातून पोट भरते का?’ हा प्रश्न कमी प्रतीचा मुळीच नाही. ज्या घरात एका हंगामाचा पाऊस चुकला तर वर्षाचा हिशेब कोलमडतो, त्या घराने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. म्हणून गुळगुळीत आश्वासन न देता वस्तुस्थिती सांगतो.

वाट लांब आहे. बारावीनंतर बी.एस्सी. व एम.एस्सी. ही पाच वर्षे, त्यानंतर पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे; पुढे दोन ते चार वर्षे पीएच.डी.नंतरचे संशोधन. स्थिर नोकरी लागेपर्यंत वय ३२ ते ३५ होते. परंतु या सर्व काळात घरच्यांवर भार पडतोच असे नाही. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये मिळतात. बारावीनंतर आयसर संस्थांची अभियोग्यता परीक्षा आहे. भुवनेश्वर व मुंबई येथील अणुऊर्जा विभागाशी संलग्न संस्थांसाठी ‘नेस्ट’ आहे. बी.एस्सी. आपल्या अमरावती विद्यापीठातून केली तरी ‘जाम’ परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येते. एम.एस्सी.नंतर ‘जेस्ट’ आणि ‘गेट’ आहेत. भाभा केंद्राच्या प्रशिक्षण विद्यालयात एक वर्षाचे सवेतन प्रशिक्षण घेऊन वैज्ञानिक अधिकारी होता येते. या मार्गासाठी लाखो रुपयांच्या देणगीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती माहितीची, आणि ती वेळेवर मिळण्याची.

दुसरी वस्तुस्थितीही सांगितली पाहिजे. पीएच.डी. झालेल्या प्रत्येकाला प्राध्यापकपद मिळत नाही. राज्यातील महाविद्यालयांत अनेक जागा दीर्घकाळ रिक्त राहतात आणि उच्चविद्याविभूषित तरुण तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात वर्षे काढतात. हे शासनाचे आणि समाजाचेही अपयश आहे आणि त्याबद्दल आवाज उठविला पाहिजे. परंतु प्रकाशशास्त्राची जमेची बाजू अशी की, हे शास्त्र हाताला कौशल्य देते. ज्याला सूक्ष्म आरसे जुळविता येतात, निर्वात यंत्रणा सांभाळता येते, प्रकाशतंतू जोडता येतो, त्याला दूरसंचार, संरक्षण, वैद्यकीय उपकरणे आणि धातुकाम या क्षेत्रांत मागणी आहे. आणि ही दारे केवळ पीएच.डी. झालेल्यांसाठी आहेत, असेही नाही. आयटीआय व पदविकाधारक तंत्रज्ञांवाचून एकही प्रयोगशाळा चालत नाही. ज्या रेनर वाइस यांना नोबेल मिळाले, त्यांचे पदवीचे शिक्षण मध्येच तुटले होते आणि ते प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करीत पुन्हा वर आले होते, हे लक्षात ठेवा.

मग यवतमाळ जिल्ह्याने काय करावे? माझे निवेदन तीन घटकांना आहे.

पहिले शिक्षकांना. अनेक विद्यालयांत वर्णपटमापक कपाटात कुलूपबंद असतो, कारण तो बिघडला तर चौकशी होईल, अशी भीती असते. बिघडलेल्या उपकरणापेक्षा न वापरलेले उपकरण अधिक महाग पडते. आणि उपकरण नसेल, तरीही अडत नाही. बाजारात अत्यल्प किमतीत मिळणारा लाल लेसर पॉइंटर घ्या. त्याच्या झोतात डोक्याचा एक केस ताणून धरा आणि २ मीटर अंतरावरील भिंतीकडे पाहा. झोतात मात्र डोळा कदापि नेऊ नका. भिंतीवर आलटून-पालटून उजळ व काळ्या पट्ट्या दिसतील. मधल्या उजळ ठिपक्याच्या केंद्रापासून पहिल्या काळ्या पट्टीपर्यंतचे अंतर मोजा. लेसरच्या तरंगलांबीला भिंतीच्या अंतराने गुणा आणि त्या पट्टीच्या अंतराने भागा. केसाची जाडी मिळेल. तरंगलांबी ६५० नॅनोमीटर असेल आणि पट्टी २ सेंटिमीटरवर पडली, तर केस ०.०६५ मिलिमीटर जाडीचा आहे. आता केसाऐवजी आपल्या शेतातल्या कापसाचा एकच तंतू धरा. तो केसाहून कितीतरी बारीक असतो, म्हणून पट्ट्या अधिक दूर फाकतील. तंतूला नैसर्गिक पीळ असल्याने त्या थोड्या अस्पष्टही दिसतील. तसे का होते, याचा विचार करू लागलेला विद्यार्थी संशोधनाच्या पहिल्या पायरीवर आलेला असतो. ज्या कापसाचे मोल आपण केवळ क्विंटलात करीत आलो, त्याचा तंतू तरंगलांबीने मोजणारा मुलगा किंवा मुलगी या जिल्ह्यातून निघावी, यात अशक्य काय आहे?

दुसरे निवेदन पालकांना. मुलगी पदार्थविज्ञानात पुढे शिकू इच्छित असेल, तर ‘लग्नाचे वय निघून जाईल’ या धास्तीने तिची वाट अडवू नका. २०१८ साली लेसर स्पंदांच्या शोधासाठी डॉना स्ट्रिकलँड यांना आणि २०२३ साली अतिसूक्ष्म कालावधीच्या प्रकाशस्पंदांसाठी अ‍ॅन लुइलिए यांना नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. दोघीही याच क्षेत्रातल्या. संयम, नेटकेपणा आणि सूक्ष्म कामातील चिकाटी हे प्रकाशशास्त्राचे भांडवल आहे आणि ते आपल्या घराघरांतील मुलींजवळ मुबलक आहे.

तिसरे निवेदन येथील सामाजिक संस्थांना. आपण गणेशोत्सवात, शिवजयंतीला, वसतिगृहांसाठी निधी उभारतो. त्यातील थोडा भाग दरवर्षी प्रत्येक तालुक्यातील दोन विद्यार्थ्यांच्या प्रवेश-परीक्षांच्या शुल्कासाठी व प्रवासासाठी बाजूला काढा. महागाव किंवा झरीच्या मुलाला परीक्षा केंद्र गाठण्यासाठी लागणारे पैसे ही पुष्कळदा त्याच्या आणि प्रयोगशाळेच्या मधली खरी भिंत असते. लायगो-इंडियाचे काम दशकभराचे आणि पुढची निरीक्षणे अनेक दशकांची आहेत. आज जे आठवीत आहेत, ते त्या वेधशाळेत काम करण्याच्या वयाला येतील तेव्हा तिला मनुष्यबळाची खरी आवश्यकता भासणार आहे. म्हणजे तयारीसाठी आपल्या हातात नेमकी हीच वर्षे आहेत.

लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म याच जिल्ह्यातील वणीचा. एका लहान गावातून निघालेला माणूस देशाच्या सार्वजनिक जीवनात केवढे स्थान मिळवू शकतो, हे या भूमीने पाहिले आहे. ज्ञानाच्या क्षेत्रात तसे घडावयाचे असेल, तर त्याचा प्रारंभ घोषणांनी नव्हे, तर उद्या सकाळी प्रयोगशाळेचे कुलूप उघडण्याने होईल. हिंगोलीचे यंत्र १३० कोटी प्रकाशवर्षांवरची थरथर ऐकू शकेल. पैनगंगेच्या अलीकडील एखाद्या हुशार पोराची हाक मात्र आपल्यालाच ऐकावी लागेल.